बाल्कनीतलं इंजिन

थंडी पडायला लागली की माझ्या डाव्या मनगटावरचा डाग खाजतो. रुपयाच्या नाण्याएवढा आहे, कडा अजून गुलाबी. उन्हाळ्यात त्याची आठवणही होत नाही. दिवाळी उरकते, दिल्लीच्या हवेला आधी वास येतो आणि मग रंग येतो, द्वारकेतल्या आमच्या चौथ्या मजल्यावरून समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसेनाशी होते, आणि एखाद्या सकाळी स्वेटरची बाही मनगटावर घासली की तो डाग जागा होतो. ऑफिसात त्या दिवसांत सगळे एकमेकांना हवेचा आकडा विचारतात. "आज कितना है?" "चारसौ पार." मग चहा मागवतात. मीही विचारते, मीही चहा पिते. पण त्या हवेत मला आणखी एक वास येतो, जो बाकी कोणाला येत नाही. डिझेलमध्ये भिजलेल्या चिंध्यांचा. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमचं घर त्या वासाने भरलेलं होतं. संसारातले सुखाचे दिवस कोणते असं मला कोणी विचारलं, तर सांगायला लाज वाटेल, पण मी ते तीन महिने सांगेन. आणि घात झाला तोही त्याच दिवसांत, माझ्याच हातून.

विलास म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, आमच्या नागपूरच्या घरात तशीच रीत. पण मनातल्या मनात तो पहिल्या दिवसापासून विलास आहे, तेव्हा इथेही विलासच राहू दे. चोवीस वर्षं तो मानेसरच्या एका कारखान्यात होता. तिथे गाड्यांच्या इंजिनांचे अ‍ॅल्युमिनियमचे भाग ओततात. सकाळी सहा दहाला कंपनीची बस, संध्याकाळी यायची वेळ ट्रॅफिकच्या मर्जीवर. काम तपासनिसाचं. ओतलेला भाग समोर आला की तो उजेडात फिरवून बघायचा, बोटाने चाचपायचा, टिचकी मारून आवाज ऐकायचा आणि खडूची एक रेघ ओढायचा. पिवळी रेघ म्हणजे पास, लाल म्हणजे परत भट्टीत. ही नजर घरीही सुटायची नाही. मी भाकरी केली की तो ती खिडकीकडे धरून म्हणायचा, "इथे पोकळी आहे." मी म्हणायचे, "मग टाका परत भट्टीत आणि राहा उपाशी." आमची मेघना लहान होती तेव्हा परीक्षेचे पेपर आईला दाखवायची. बाबांना दाखवायची तिची छाती नव्हती.

मग लाइनवर कॅमेरे बसले. कॅमेऱ्याला पोकळी दिसते, त्याची पाठ दुखत नाही आणि तो दिवाळीची सुट्टी मागत नाही. सप्टेंबरात विलासला आणि त्याच्याबरोबरच्या काही जणांना पुष्पगुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. वय चौपन्न. नोकरी मागायला म्हातारा आणि घरी बसायला तरुण, असं ते अडनिडं वय. पहिला महिनाभर तो पाचलाच उठायचा, दाढी करायचा, आंघोळ करायचा आणि बूट घालून सोफ्यावर बसायचा. आमच्या सोसायटीतले आणखी दोघं अजून त्या बसने जात होते. सहा दहाला खाली हॉर्न वाजला की तो हातातल्या पेपरचं पान उलटायचा. मी डबा भरता भरता बघत असायचे. मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी भांडी जोरात आपटते, ही माझी जुनी खोड.

ऑक्टोबरात एका रविवारी तो खाली पार्किंगमध्ये गेला आणि दोन तासांनी हात काळे करून वर आला. आमची जुनी गाडी तिथे धूळ खात उभी होती. तेरा वर्षांची. दिल्लीत पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांची झाली की संपली, मग ती कितीही धडधाकट असो, रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे तिची दोनच वर्षं उरलेली, आणि तीही धड नाहीत, कारण ती तेल पीत होती आणि मागून निळा धूर सोडत होती.

"इंजिन उतरवतो," विलास म्हणाला. "पूर्ण खोलतो. एकेक पार्ट साफ करून पुन्हा बांधतो."

"दोन वर्षांसाठी? अहो, नाकापेक्षा मोती जड झाला हा."

त्यावर तो जे बोलला ते मी आजही शब्दन् शब्द सांगू शकते. "हे इंजिन एकदा सुरू होऊ दे, सुषमा. मग मी अर्ज टाकायला लागतो. दहा ठिकाणी टाकतो. पण आधी हे. एप्रिलच्या जयंतीला आपण याच गाडीने नागपूरला जाऊ."

महिनाभरात त्याने पुढच्या दिवसाबद्दल काढलेला हा पहिला शब्द. मी त्या वाक्याला घट्ट धरलं. इंजिन सुरू होईल, मग अर्ज जातील, मग कुठेतरी बोलावणं येईल, मग माझा माणूस मला परत मिळेल. इतकं सरळ गणित मी मांडलं. बायका असं गणित मांडतात आणि मग त्याच्या पायी सगळं करतात.

इंजिन उतरवायला एक मेकॅनिक साखळी आणि कप्पी घेऊन आला. गाडीच्या पोटातून ते बाहेर आलं तेव्हा मला ते अगदी लहान वाटलं. एवढ्याशा गोष्टीवर आपण चौघाचौघांनी बसून आग्र्याला जाऊन आलो? विलासने ते तिथेच खोललं. खालचा जड भाग, ज्याला ब्लॉक म्हणतात, तो आमच्या गाडीत लोखंडाचा होता. त्याच्यावर बसतं ते हेड अ‍ॅल्युमिनियमचं. हेडमधूनच हवा आत जाते आणि जळलेला धूर बाहेर येतो, त्यामुळे सगळी काजळी तिथे. ब्लॉक आम्ही टेम्पोत घालून करोल बागेत इक्बालभाईंकडे नेला. स्पेअर पार्टच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत त्यांचा लेथ आहे, आणि लेथच्या मागे एक टाकी. टाकीत कास्टिक सोड्याचं गरम पाणी. आमचा ब्लॉक तव्याच्या बुडासारखा काळा होता. साखळीने आत सोडला, आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला, छोले-कुलचे खाल्ले, आणि परत आलो तर तो राखाडी, स्वच्छ, कालच ओतल्यासारखा बाहेर आलेला. मी तोंडात बोटं घातली. इक्बालभाई खूश होऊन म्हणाले, "भाभीजी, इसमें जो जाता है, नहाके निकलता है."

हेड आम्ही त्या दिवशी नेलंच नव्हतं. का नेलं नाही, हे मी विचारलं नाही आणि विलासला ते सांगण्यासारखं वाटलं नाही. त्याच्या दृष्टीने ते सांगणं म्हणजे आगीत हात घालू नये असं बायकोला सांगण्यासारखं झालं असतं.

अ‍ॅल्युमिनियमचे सगळे भाग बाल्कनीत आले. हेड, हेडवरचं कव्हर, पुढच्या बाजूचं झाकण, हवा वाटून देणारी चार तोंडांची नळी, पाण्याच्या पंपाची वाटी. माझी तुळस आणि कढीपत्ता जिन्यात गेले. दिल्लीत रॉकेल मिळत नाही म्हणून डिझेल आलं. घरातले सगळे जुने टूथब्रश गेले, माझी लाकडी उलथणी गेली. भागांच्या कडांना जुन्या गॅस्केटचा, म्हणजे दोन भागांच्या सांध्यात बसवलेल्या पातळ पट्टीचा, चिकट थर असतो, तो लोखंडी पात्याने खरवडला तर ओरखडे पडतात, म्हणून लाकूड. "अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं," विलास सांगायचा. "लोखंडासारखं त्याच्याशी भांडून चालत नाही. वेळ द्यावा लागतो." मला हे ऐकायला आवडायचं, कारण तो बोलत होता. सप्टेंबरनंतर तो बोलतच नव्हता.

रविवारी दुपारी त्या धुरकट, दुधात पाणी घातल्यासारख्या उन्हात आम्ही दोघं बाल्कनीत बसायचो. त्याच्या डोक्याला माकडटोपी, माझ्या अंगावर दोन शाली, मध्ये डिझेलची परात. तो ब्रशने घासायचा, मी चिंधीने पुसायचे. मग साबणाचं पाणी, मग ओला पॉलिश पेपर. पेपरला नंबर असतात. एकशे ऐंशी, तीनशे वीस, सहाशे, हजार, दोन हजार. नंबर वाढतो तसा कागद मऊ होतो. एका नंबरने आडवं घासायचं, पुढच्याने उभं, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. हे मला त्या हिवाळ्यात कळलं. पंचवीस वर्षं ज्याच्याशी संसार केला तो माणूस दिवसभर काय करत होता, हेही तेव्हाच कळलं. माझ्या नखांत राखाडी मळ बसायचा, तो ऑफिसात दिसू नये म्हणून मी मुठी मिटून फायली धरायचे, आणि मनातून मला त्या मळाचा अभिमान वाटायचा.

आईची आठवण यायची तेव्हा. नागपूरला आमच्याकडे जर्मनची भांडी होती. अ‍ॅल्युमिनियमला आमच्या आयाबाया जर्मन म्हणायच्या. आई ती पातेली चिंचेच्या चोथ्याने नाहीतर लिंबाच्या सालीने घासायची आणि ओळीने उन्हात पालथी घालायची. मी विलासला हे सांगितलं तर तो हसून म्हणाला, "तुझी आई आमच्या केमिस्टपेक्षा हुशार होती." मग त्याने खरोखर चिंच मागितली आणि पंपाची वाटी तिने घासून बघितली. उजळली. त्या दिवशी आम्ही खूप हसलो. आईचा दुसरा नियम मात्र मला तेव्हा आठवला नाही. जर्मनच्या भांड्याला सोडा लावू नये, भांडं काळं पडतं आणि खाल्लं जातं. दहा वर्षांची असल्यापासून मला हे पाठ होतं. पण स्वयंपाकघरातलं ज्ञान स्वयंपाकघरातच राहतं, इंजिनाशी त्याचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

डिसेंबरच्या शेवटी कव्हर तयार झालं. त्यात ट्यूबलाइट दिसत होती, त्याच्याकडे वाकलं की माझं नाकही दिसत होतं. विलासने ते हॉलमध्ये बुद्धमूर्तीच्या शेजारच्या फळीवर ठेवलं. मी म्हटलं, "अहो, तिथे इंजिन कशाला?" तो म्हणाला, "राहू दे दोन दिवस. शांत वाटतं." मेघनाला त्याचा फोटो पाठवला. ती बंगळुरूला नोकरी करते. तिने लगेच मला फोन केला, त्याला नाही. "आई यार, बाबा ठीक आहेत ना? कोणाला तरी दाखवायला हवं त्यांना. हे नॉर्मल नाहीये. तीन महिने इंजिन घासतायत." मी तिच्यावर चिडले. हाताला काम आहे, जीवाला चाळा आहे, आणखी काय हवं, असं म्हणाले. खरं तर तिने माझ्याच मनातली भीती बोलून दाखवली होती.

जानेवारीत हेडची पाळी आली. त्याच्या एका कोपऱ्यातली काजळी निघाली तेव्हा विलासने मला हाक मारली. तिथे चवलीएवढं एक वर्तुळ उठून आलं होतं, घड्याळासारखे आकडे आणि एक बाण. तो भाग कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात ओतला ते त्यावरून कळतं. त्याने चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. "हे आमच्याकडचं आहे," तो म्हणाला. "मार्चमधलं. त्या वर्षी मार्चमध्ये तपासायला आम्ही दोघंच होतो. मी आणि त्यागी. म्हणजे अर्धी शक्यता माझी." आणि मग अगदी हळू आवाजात, "सुषमा, हे कदाचित मी पास केलेलं आहे. तेरा वर्षं चाललं बघ." त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. त्या रात्री तो गाढ झोपला.

आता माझ्याबद्दल. घाई माझ्या पाचवीला पुजलेली आहे. लग्नात वरमाला मी मुहूर्ताच्या आधी घातली, त्यावरून सासरचे अजून चिडवतात. दूध मी मोठ्या आचेवर तापवते आणि उतू घालवते. त्याच आठवड्यात त्यागीजींचा फोन आला. फरीदाबादला एका कारखान्यात जुना, अनुभवी तपासनीस हवा होता, महिनाअखेरपर्यंत अर्ज द्यायचा होता. कॅमेऱ्यावर विश्वास नसलेला मालक अजून कुठेतरी शिल्लक होता म्हणायचा. मी विलासला म्हटलं, "आजच पाठवा." तो म्हणाला, "इंजिन होऊ दे." महिनाअखेरीला बारा दिवस होते. हेडच्या आतल्या वाटांमध्ये काजळी दगडासारखी बसलेली, आणि तो टूथब्रशने आणि काडीला गुंडाळलेल्या चिंधीने रोज बोटभर पुढे सरकत होता. मी हिशोब केला. असंच चाललं तर मार्च उजाडेल. दुसऱ्या दिवशी तो ऑइल सील आणि गॅस्केट आणायला करोल बागेत जाणार होता. मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढली.

वाटेत हार्डवेअरच्या दुकानातून कास्टिक सोडा घेतला. दुकानदार म्हणाला, "नाली के लिए?" मी हो म्हटलं. कपडे भिजवायच्या टबात गरम पाणी ओतलं, सोडा टाकला, स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे घातले आणि दोन्ही हातांनी हेड उचलून आत सोडलं. लगेच फेस आला. बुडबुडे, फसफस, पाणी आणखी तापलं, नाकाला झोंबणारी वाफ आली. मला वाटलं, बघा, कसं मळ सोडतंय. मी इतकी खूश झाले की बाल्कनीचं दार उघडं टाकून त्याच्यासाठी शिरा करायला घेतला. रवा भाजता भाजता मी त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणत होते. तो आत येईल, टबात बघेल, त्याचं मार्चपर्यंतचं काम दोन तासांत झालेलं असेल, आणि संध्याकाळी आम्ही दोघं बसून अर्ज लिहू. मध्ये एकदा मी हेड उलटं केलं, तेव्हा डाव्या मोज्यात पाणी शिरलं. चुरचुरलं, पण मी लक्ष दिलं नाही. पाण्याला काळा रंग आला होता. तोही मला मळाचाच वाटला.

विलास आला तेव्हा फसफस अजून चालू होती. त्याने पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "यात काय टाकलंस?" मी सांगितलं. मोठ्या कौतुकाने सांगितलं, इक्बालभाईंच्या टाकीसारखं, म्हणाले. त्याची नजर माझ्या हातावर गेली.

"मोजे काढ. हात दाखव."

मनगटाची कातडी पांढरी, बुळबुळीत झाली होती. त्याने माझा हात धरून बाथरूममध्ये नेला आणि नळाखाली धरला. जानेवारीतलं दिल्लीचं पाणी, हाडं गोठत होती. मी म्हटलं, "अहो, आधी ते हेड काढा." तो म्हणाला, "त्याचं व्हायचं ते झालंय. तू हलू नकोस." घड्याळ बघून त्याने तो हात बराच वेळ नळाखाली धरून ठेवला. एक शब्द वावगा बोलला नाही. शिरा करपल्याचा वास आला तेव्हा आतल्या आत मला कळायला लागलं, आणि मी लहान मुलीसारखी रडले. तो म्हणाला, "रडू नकोस. लोखंडाला चालतं, अ‍ॅल्युमिनियमला नाही. तुला कसं माहीत असणार?" पण मला माहीत होतं. आईने मला ते कितीदा सांगितलं होतं.

हेड बाहेर काढलं तेव्हा ते काळपट आणि खडबडीत झालं होतं, गुळाच्या ढेपेसारखं. सपाट हवी ती कड सपाट राहिली नव्हती, बोल्टच्या भोकांतले आटे झिजले होते. ते मार्चचं वर्तुळ, तो बाण, नुसता एक पुसट उंचवटा उरला होता. विलासने ते टेबलावर जुन्या चादरीवर ठेवलं, टॉर्च आणि भिंग घेतलं आणि कारखान्यात तपासायचा तसं तपासलं. फिरवून, चाचपून. टिचकीही मारली. आवाज बद्द आला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तो ओरडेल, काहीतरी फेकेल, तुझ्या घाईने वाटोळं केलं म्हणेल, याची मी वाट बघत होते. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने चादरीची चारी टोकं गोळा केली, गाठ मारली आणि गाठोडं पलंगाखाली सरकवलं. मग टीव्ही लावला.

इक्बालभाईंनी नंतर फोनवर मला धीर दिला. "भाभीजी, दिल छोटा मत कीजिए. मायापुरी से दूसरा हेड दिला दूँगा, बढ़िया." मायापुरीला जुन्या गाड्यांच्या भागांचा बाजार आहे, तिथून मी जाऊन आणलंही. मेट्रोत मांडीवर घेऊन आणलं, साडीला तेलाचा डाग पडला. विलास म्हणाला, "छान आहे." त्याने त्याचं प्लॅस्टिकसुद्धा सोडलं नाही. बाल्कनीतली परात आठवडाभर तशीच राहिली, मग मीच धुतली. महिनाअखेर आली आणि गेली. सकाळी सहा दहाला हॉर्न वाजायचा आणि विलास झोपलेला असायचा. बूट घालून सोफ्यावर बसणारा माणूस मला आधी बघवत नव्हता. नंतर मी त्या बुटांसाठीही तरसले.

गाडी पंधरा वर्षांची व्हायच्या आधीच गेली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा भंगारवाले आले, बिनइंजिनाची गाडी त्यांनी ओढत नेली. फळीवरचं कव्हर मी एका दिवाळीत साफसफाई करताना काढून ठेवलं. त्याने विचारलंही नाही कुठे गेलं म्हणून.

तेव्हापासून माझा एकच उद्योग आहे. ऑफिसातून आले की इंटरनेटवर जागा शोधायच्या, छापून काढायच्या आणि चहाच्या कपाखाली ठेवायच्या. "अहो, हे बघा ना." "बघतो." कपाचा गोल डाग पडलेले किती कागद मी रद्दीत घातले असतील. प्रत्येक कागद ठेवताना मला तो टब दिसतो. रात्री कूस बदलताना दिसतो, मेट्रोत उभी असताना दिसतो. मार्च. मार्चपर्यंत मी थांबले असते, त्याला त्याच्या टूथब्रशने बोटभर बोटभर पुढे जाऊ दिलं असतं, तर आज हा माणूस कुठल्यातरी कारखान्याच्या बसमध्ये असता. हे दोन वर्षं मी मनात घोकत आले.

मागच्या रविवारी भावाकडून नागपूरहून संत्र्यांची पेटी आली. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसून संत्री सोलत होतो. विलास अजूनही प्रत्येक फोडीवरचा पांढरा धागा न् धागा काढतो. बघता बघता मला राहवलं नाही. दोन वर्षांत त्या दिवसाबद्दल आम्ही एक अक्षर बोललो नव्हतो.

"अहो, मी त्या दिवशी ते हेड सोड्यात टाकलं नसतं तर..."

"तर काय?"

"तर इंजिन सुरू झालं असतं. तुम्ही अर्ज केले असते."

त्याने हातातली फोड साफ केली, माझ्यापुढे ठेवली आणि दुसरी घेतली. "नसतं झालं सुरू," तो म्हणाला. "मी होऊ दिलं नसतं."

"म्हणजे?"

"ते कव्हर तू फळीवर बघितलंस ना, त्याच्या आधी ते दोनदा पास झालं होतं. दोन्ही वेळा मी त्याच्यावर एकशे ऐंशीचा कागद मारला. तू ऑफिसला गेल्यावर. मुद्दाम ओरखडे पाडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं." हे तो हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलत होता. "इंजिन झालं की अर्ज टाकायचे असं तुला सांगून बसलो होतो. कोण घेणार होतं मला, सुषमा? चोवीस वर्षं मी लोकांचा माल परत भट्टीत पाठवला. कोणाला काय दिसतं ते मला कळतं. इंजिन बाल्कनीत होतं तोवर मला कोणी नाही म्हटलेलं नव्हतं. तू ते टबात टाकलंस तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. तुझ्यावर राग कशाला येईल?"

त्याने मला बरं वाटावं म्हणून हे सांगितलं. त्याच्या आवाजात ते होतं. दोन वर्षं बायको स्वतःला खात बसली आहे हे त्याला दिसत असणार, आणि आज त्याने मला मोकळं केलं. पण मी मोकळी झाले नाही, माझ्या पायाखालची जमीन गेली. चूक माझी होती तोवर बरं होतं. चुकीवर इलाज असतो. माफी मागता येते, मायापुरीहून दुसरं हेड आणता येतं, रोज एक कागद कपाखाली ठेवता येतो. आता माझ्या हातात काही राहिलं नाही. माझ्या शेजारी बसून हसणारा, चिंच मागणारा, रविवारच्या उन्हातला तो माणूस तेव्हाही कुठे जायला निघालेला नव्हता. मी एकटीच निघाले होते.

"असं काही नसतं हो," मी म्हटलं. मी त्याने पुढे ठेवलेली फोड खाल्ली. गोड होती. सोमवारी ऑफिसातून येताना मी नेहमीप्रमाणे दोन जागांचे कागद छापून पर्समध्ये घातले होते. ते मी घरी आल्यावर बाहेर काढले नाहीत.